गाळ काढण्याचे पुण्य

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात खेड्यांतून हिंडताना एखाद्या जुन्या सार्वजनिक विहिरीच्या काठाशी बसविलेला दगड दिसतो. विहीर कोणी बांधली, कोणाच्या स्मरणार्थ बांधली, कोणत्या साली बांधली, हे त्यावर कोरलेले असते. अक्षरे झिजलेली असतात, पण हात फिरवला की नाव लागते. त्या विहिरीचा गाळ आजवर कितीदा निघाला आणि तो काढायला कोण कोण उतरले, हे मात्र कोणत्याही दगडावर सापडत नाही. वैशाखात पाणी तळाला गेले की गावातले चार जण दोर धरून खाली उतरत, गुडघाभर चिखलात उभे राहून घमेली भरून वर देत आणि संध्याकाळी अंघोळ करून घरी जात. गावाला पाणी मिळाले ते विहीर खणणाऱ्यामुळे, यात शंका नाही. परंतु चाळिसाव्या वर्षीही ते पिण्याजोगे राहिले असेल तर ते या चौघांमुळे. पहिल्याचे नाव दगडावर गेले आणि या चौघांची नावे त्यांच्या नातवंडांनाही ठाऊक नाहीत.

ही गोष्ट मला इतकी वर्षे कधी खुपली नव्हती. ती खुपू लागली एका वाचनालयातील अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या पेटीमुळे.

जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी काही वर्षे आहे. गावाचे नाव मी सांगत नाही. पुढे जी चूक सांगायची आहे ती माझी आहे; तिचा बोल गावाला लागू नये. या वाचनालयात पाऊल टाकले की सगळीकडे नावे दिसतात. कपाटांवर पत्र्याच्या पट्ट्या आहेत, भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर नाव आहे, पंख्याच्या पात्यांवरदेखील एका दात्याचे नाव गरगर फिरत असते. नाव नसलेली एकच चीज आहे. आतल्या दाराच्या वर, फळीवर, धुळीने भुरकट झालेल्या दोन-तीन पेट्या ठेवलेल्या आहेत. बाहेरून आलेली काचतंतूची तार त्यांत शिरते. त्यांतला राउटर बाहेरच्या जगाशी बोलतो, स्विच ते बोलणे आतल्या संगणकांत वाटून देतो आणि अभ्यासिकेच्या भिंतीवरची आणखी एक पेटी ते हवेतून मुलांच्या फोनपर्यंत पोहोचवते. या पेट्या घेतल्या तेव्हा वाचनालयात चार संगणक होते. आता अभ्यासिकेत स्पर्धापरीक्षांची तीस-चाळीस मुले बसतात आणि प्रत्येकाच्या खिशात फोन असतो. अशा पेटीला एका वेळी किती जणांचे बोलणे ध्यानात ठेवता येईल याला मर्यादा असते. ती ओलांडली की पेटी गप्प होते. मग ग्रंथपाल बाई स्टुलावर चढून तिची वीज काढतात, दोन मिनिटांनी पुन्हा लावतात आणि गाडे पुढे सरकते.

बाईंनी ही अडचण बैठकीत मांडली होती. नव्या राउटरचा, स्विचचा आणि बॅटरीचा अंदाजही काढून आणला होता. त्या दिवशी माझ्या तोंडून जे वाक्य गेले ते कार्यवृत्तात नाही, पण मला ते जसेच्या तसे आठवते. मी म्हटले, “चालते आहे ना? मग बदलायचे कशाला?” इतर सभासदांनी माना डोलावल्या. त्याच बैठकीत एका देणगीदाराच्या पैशातून काचेच्या दाराचे नवे कपाट घेण्याचे ठरले. कपाटाची गरज होतीच, असे मी आजही म्हणेन. परंतु त्या दिवशी आपण फार काटकसरीने वागलो, या समाधानात मी घरी गेलो, हे मला लपवता येणार नाही.

पुढे काही महिन्यांनी एके दिवशी दुपारी मी वाचनालयात वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. डोंगराकडच्या गावातून आलेली एक मुलगी संगणकापुढे बसली होती. परिचारिकेच्या शिक्षणक्रमाच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरायचा होता आणि मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. नाव, पत्ता, गुण, छायाचित्र, सही असे एकेक पान ती भरत जाई आणि पैसे भरण्याच्या पानाशी आले की पेटी गप्प होई. बाई स्टुलावर चढत. पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी तिने माझ्याकडे वळून विचारले, “काका, होईन का जी आज?” मी म्हटले, “होईल, बेटा.” सव्वासहाला तिने कागद पिशवीत घातले. तिच्या गावाला मुक्कामाची एस्टी साडेसहाला निघते आणि ती चुकली तर राहायचे कुठे हा प्रश्न होता. “गावच्या टेकडीवर रातच्याला रेंज येते, तिथून करून पाहते,” असे म्हणाली, बाईंना नमस्कार करून गेली. तिचा अर्ज त्या रात्री टेकडीवरून गेला की नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही.

पेटी चालत होती. चौदा दिवे होते, त्यांतले बारा लुकलुकत होते. मग न चालणारे होते तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर मी समजतो तितके सोपे नाही, आणि ज्या वृत्तीने मला ते वाक्य बोलायला लावले तिला सरसकट मूर्ख ठरवायलाही मी तयार नाही. आम्ही कपाशीच्या मुलखातली माणसे. एका पावसाच्या उघडिपीने वर्षाचा हिशेब पालटतो, हे आम्ही लहानपणापासून पाहिले आहे. चालती वस्तू टाकू नये, हा आमच्या घरांतला संस्कार कोणा नीतिशास्त्राच्या पुस्तकातून आलेला नाही. तो गरजेतून आलेला आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, गांधीजी १९३६ साली राहायला आले आणि या संस्काराला तेथे एक तेज मिळाले. एका लहान मुलाने दिलेला पेन्सिलीचा तुकडा हरवला म्हणून गांधीजी कसे बेचैन झाले होते, ही आठवण काकासाहेब कालेलकरांनी लिहून ठेवली आहे. ज्या काळात यंत्रांचे नवे नमुने दर वर्षी बाजारात येतात आणि गेल्या वर्षीचा नमुना जुना म्हणून हिणवला जातो, त्या काळात या आठवणीची गरज कमी झालेली नाही, वाढलेली आहे. कारखानदाराने ‘जुने झाले’ म्हटले की निमूटपणे पाकीट काढणारी संस्था मला आदर्श वाटत नाही.

तथापि सेवाग्रामला गेलेल्या वाचकांनी आणखी एक वस्तू पाहिली असेल. मातीच्या भिंतींच्या त्या आश्रमात टेलिफोनची एक खोकीही जपून ठेवलेली आहे. व्हाइसरॉयशी बोलता यावे म्हणून तो टेलिफोन तेथे आला. बोलणे देशाच्या भवितव्याचे असेल तर तारेला नकार देण्यात साधेपणा नाही, एवढे तरी त्या खोकीवरून कळते. याहून बोलका पुरावा १९२९ सालचा आहे. अखिल भारत चरखा संघाने त्या वर्षी सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. चरखा दीडशे रुपयांपेक्षा महाग नसावा, झोपडीत चालवता यावा, अशा अटी त्यात होत्याच. पण त्यांतली एक अट मला फार मोलाची वाटते. वेळच्या वेळी दुरुस्ती करून हे यंत्र वीस वर्षे अखंड चालले पाहिजे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च यंत्राच्या किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक होता कामा नये, अशी ती अट. म्हणजे ज्यांना आपण काटकसरीचे आचार्य मानतो त्यांनी यंत्र मागतानाच त्याच्या दुरुस्तीचा पैसा बाजूला काढून ठेवला होता. आम्ही त्यांची पेन्सिल घेतली आणि हे शेकडा पाच विसरलो.

काटकसर कोणाच्या जिवावर होते, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. माझ्या घरी ठिगळे लावलेली एक छत्री आहे. ती मी वापरतो आणि गळली तर मी भिजतो. हा माझा सद्गुण म्हणा, हट्ट म्हणा, त्याची किंमत मी मोजतो. पण तीच छत्री मी वाचनालयाच्या दाराशी ‘सर्वांसाठी’ म्हणून ठेवली आणि पावसात जाणाऱ्या प्रत्येकाला ‘चालते आहे ना’ असे सांगू लागलो, तर सद्गुणाचे श्रेय माझ्याकडे राहील आणि भिजणे दुसऱ्याच्या वाट्याला जाईल. त्या बैठकीत मी नेमके हेच केले. पेटी न बदलण्याचा निर्णय घेणाऱ्या आम्हा सातही जणांच्या घरी स्वतंत्र जोडणी होती. आमच्यापैकी एकाचाही अर्ज त्या पेटीतून कधी गेला नव्हता. ‘चालते’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार ज्यांना होता ती माणसे त्या खोलीत नव्हतीच.

यापुढची गोष्ट मला उशिरा समजली आणि ती अधिक गंभीर आहे. जुन्या पुस्तकाचे वय वाढले की त्याची पाने पिवळी पडतात, पण शेल्फावर ठेवलेले पुस्तक कोणाचा घात करीत नाही. जुन्या राउटरचे तसे नसते. तो स्वतः बदलत नाही, भोवतालचे जग बदलते. त्याच्या आतल्या आज्ञावलीत छिद्रे निघतात. कारखानदार काही वर्षे त्यांवर ठिगळे पाठवीत राहतो आणि एके दिवशी या नमुन्याकडे यापुढे पाहणार नाही असे जाहीर करतो. त्या दिवसानंतर कुलूप तेच राहते, किल्ल्या मात्र बाजारात मिळू लागतात. हवेतून जाणारे बोलणे गुप्त ठेवण्याची पहिली रीत ‘वेप’ या नावाने आली होती. ती भेदता येते हे संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले. २००४ साली तिच्या जागी अधिक पक्की रीत आली आणि २०१८ साली त्याहून नवी. जी पेटी जुनीच रीत बोलते तिच्याजवळ बसलेल्या वाचकाला आपण उघड्यावर बसलो आहोत याची कल्पनाही नसते. बँकेच्या पानांना स्वतःचे वेगळे कुलूप असते, तेव्हा उगाच हाहाकार करण्याचे कारण नाही. पण पेटीच दुसऱ्याच्या ताब्यात गेली तर ती वाचकाला भलत्या दाराशी नेऊन सोडू शकते.

आणि घात केवळ आपल्याच वाचकांचा होतो असेही नाही. २०१६ सालच्या ऑक्टोबरात ‘मिराई’ नावाच्या एका उपद्रवी आज्ञावलीने जगभरच्या घरांतले कॅमेरे आणि राउटर आपल्या ताब्यात घेतले होते. कारखान्यातून येतानाचा पासवर्ड कोणी बदललेला नव्हता, एवढीच त्यांची चूक. त्या सर्वांकडून एकाच वेळी मारा करवून अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडण्यात आली. ज्यांच्या फळीवर ती यंत्रे होती त्यांना काही कळलेही नाही; त्यांच्या लेखी यंत्र ‘चालत’ होते. आपल्या विहिरीत काय पडले आहे हे पाहायला आपण वाकलो नाही आणि त्या पाण्याने परगावची माणसे आजारी पडली, तर ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर कितपत टिकेल? न कळण्याची सोय आपण स्वतःच करून घेतली असेल तर ते अज्ञान निरागस राहत नाही.

‘चालते आहे ना’ या वाक्याचा शेवट काय होतो, हे आम्हा यवतमाळकरांना खरे तर कोणी शिकवायला नको होते. आम्ही शकुंतला पाहिली आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची वाट कापसासाठी टाकली गेली. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे सत्तरांहून अधिक वर्षे, धावले. या पराक्रमाचे कौतुक मलाही आहे. गरिबांना परवडणारी ती गाडी होती आणि वाटेवरच्या खेड्यांचा तिच्यावर जीव होता. परंतु मालकी एकाची आणि गाडी चालवणारा दुसरा, अशा व्यवस्थेत रुळांची काळजी दोघांच्या मध्ये पडली. वेग उतरत गेला आणि माणूस सायकलवरून गाडीला गाठील अशी थट्टा होऊ लागली. त्या थट्टेतही माया होती. गाडी चालत होती, चालत होती, आणि मग बंद पडली. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत रुंद रुळांवरची गाडी आली याचा आनंद आहे. पण मधल्या वर्षांत शकुंतलेच्या वाटेवरच्या ज्या खेडुतांनी दुप्पट-तिप्पट भाडे मोजून प्रवास केला, त्यांच्या खिशातून आमच्या त्या मायेची किंमत गेली. दुरुस्तीवाचून केलेले प्रेम हे वस्तूवरचे प्रेम खरे की आपल्या आठवणींवरचे, हे एकदा तपासून पाहावे लागते.

येथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आमच्या बैठकीतही आला होता. २०१६ नंतर फोनवरचे इंटरनेट इतके स्वस्त झाले की ज्याच्या त्याच्या खिशात ते आहे. वाचनालयाने हा उद्योग करावाच कशाला? मला वाटते, हा आक्षेप घरोघरी आड असलेल्या आळीतला आहे. ज्याच्या परसात पाणी आहे त्याला गावविहीर ही अडगळ वाटते. फोनवर गाणे ऐकणे निराळे आणि सही, छायाचित्र, दाखले ठरावीक मापात बसवून चौदा पानांचा अर्ज पुरा करणे निराळे. २०१७ साली कर्जमाफीचे अर्ज संगणकावरूनच भरायचे होते. आपल्याच मुलखातले शेतकरी, बायकोला बरोबर घेऊन, सेवा केंद्रांपुढे रांगा लावून बसलेले साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. मातीत राबून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे यंत्र त्यांना ओळखेना, आणि यंत्राने ओळखले तर जोडणी तुटे. एक दिवस गेला म्हणजे दोघांची मजुरी गेली. सुखवस्तू माणसाला जोडणी तुटली तर चीड येते, हातावर पोट असलेल्याचा त्यात दिवस बुडतो. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली, त्यांत वाचकाचा वेळ वाचवा असे एक सूत्र आहे. आजवर ते मला कार्यक्षमतेचे सूत्र वाटत आले. आता ते न्यायाचे सूत्र वाटते. कारण ज्याच्याजवळ वेळेवाचून विकण्यासारखे दुसरे काही नाही त्याचा वेळ वाया घालवणे आणि त्याच्या खिशात हात घालणे यांत मला फारसा फरक दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. वाचनालयाचे काम पुस्तके देण्याचे. पैसा तारांत घातला तर पुस्तकांचे काय? आकडे पाहिले तर या आक्षेपाचे दुःख कळते. महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये १९६७ च्या कायद्याखाली शासकीय अनुदानावर चालतात आणि त्यांतल्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला मिळणारे अनुदान ३०,००० रुपयांवरून ४८,००० रुपये झाले ते २०२२ च्या अखेरीस झालेल्या वाढीनंतर. महिन्याला चार हजार. एवढ्यात पगार, पुस्तके, नियतकालिके, वीज सगळे भागवायचे. तेथे राउटरची गोष्ट काढणाऱ्याला कोणी वेडा म्हटले तर मी त्याला दोष देणार नाही. यंत्र की पुस्तक अशी निवड करायला ज्या संस्थेला भाग पाडले जाते तिच्यावर आधीच अन्याय झालेला असतो. पण या अन्यायाचे उत्तर गप्प बसून मिळत नाही. ज्या खर्चाचे नावच आपण हिशेबात लिहीत नाही तो खर्च आपल्याला आहे हे शासनाला तरी कसे कळावे? अँड्र्यू कार्नेगीने जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये बांधून दिली, ती देताना त्याची एक अट असे: इमारतीला जेवढी रक्कम दिली तिच्या शेकडा दहा इतकी रक्कम गावाने दर वर्षी ग्रंथालय चालवण्यासाठी घातली पाहिजे. अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्याने शाळा आणि ग्रंथालये यांच्या जोडणीच्या खर्चात गरिबीच्या मानाने शेकडा २० ते ९० सवलत देण्याची व्यवस्था झाली आणि तीत इमारतीच्या आतल्या यंत्रांचाही विचार आहे. आपल्याकडे काचतंतूची तार ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची योजना २०११ पासून चालू आहे आणि ती मोठी गोष्ट आहे. पण पाटाला पाणी आले तरी वाफ्याच्या तोंडाशी धोंडा असेल तर पीक वाळतेच.

मग काय जुने तेवढे फेकावे? मुळीच नाही. मी माझ्यापुरती एक कसोटी लावतो. वस्तूच्या जुनेपणाचा भार ती ठेवण्याचा निर्णय घेणाऱ्यांवरच पडत असेल, तर ती खुशाल शेवटच्या खिळ्यापर्यंत वापरावी. तो भार त्या निर्णयात ज्याचा आवाज नाही अशा माणसावर पडत असेल, तर ती वापरत राहणे ही काटकसर नव्हे. या कसोटीवर आमचे जुने घड्याळ राहते, वेताच्या खुर्च्या राहतात, जुने संगणकसुद्धा ग्रंथसूची पाहण्यापुरते राहतात. राउटर मात्र राहत नाही. आणि तो काढला म्हणजे आपले काम संपले असेही नाही. त्याच्या पोटातले शिसे कोणाच्या तरी मुलाच्या हातात जाऊ नये म्हणून तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर न टाकता, ई-कचऱ्याचे जे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत त्यांप्रमाणे नोंदणी झालेल्या ठिकाणी पोहोचवणे, हेही त्याच कसोटीत येते. त्या भंगाराच्या ढिगाशी बसलेल्या मुलालाही आमच्या बैठकीत आवाज नाही.

इतके लिहून झाल्यावर मला पुन्हा त्या विहिरीकडे वळावेसे वाटते. आपल्या परंपरेने दान आणि देखभाल यांत पहिल्यालाच मान दिला, असे मी समजत होतो. परंतु विष्णुस्मृतीत असे सांगितले आहे की विहीर, बाग, तळे, देवालय यांची पुन्हा डागडुजी करणाऱ्याला मूळ निर्मात्याचेच फळ मिळते. हा विचार मांडणाऱ्याने मनुष्यस्वभाव चांगलाच पारखलेला असावा. गाळ काढायला कोणी सहजी उतरणार नाही, तेथे दगड नाही, नाव नाही, हे त्याला ठाऊक असावे, म्हणून त्याने फळ बरोबरीचे ठेवले. आमच्या यवतमाळने दोन साहित्य संमेलने पाहिली. १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, २०१९ साली अरुणा ढेरे. त्या मांडवांच्या आठवणी अजून निघतात. ज्या वाचनालयांत त्या मांडवांतले श्रोते घडले तेथले दिवे कोणी लावले, तारा कोणी सांधल्या, याच्या आठवणी निघत नाहीत. निघाव्यात असा माझा आग्रहही नाही. हिशेबाच्या वहीत त्यांच्यासाठी एक रकाना असावा, एवढे मात्र मला वाटते.

तो रकाना आम्ही गेल्या वर्षी उघडला. मुंबईस राहणारे एक देणगीदार आईच्या स्मरणार्थ दुसरे कपाट द्यायला आले होते. आम्ही त्यांना फळीवरच्या पेट्या दाखवल्या. त्यांनी विचारले, “यावर आईचे नाव कुठे लावणार?” बाई म्हणाल्या, “कुठेच नाही, भाऊ. लावले तरी पाच-सात वर्षांनी पेटीबरोबर तेही काढावे लागेल.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी त्यांनी अर्धी रक्कम पेट्यांसाठी दिली आणि अर्धी कपाटासाठीच ठेवली. मला त्यात काही वावगे वाटले नाही. माणसाला आईचे नाव कुठेतरी वाचावेसे वाटणारच. नवी यंत्रे आली. पावसाळ्यातल्या विजांपासून बचाव व्हावा म्हणून अर्थिंग नीट करून घेतले, पासवर्ड बदलले, कोणत्या पेटीला कारखानदार किती सालापर्यंत ठिगळे पाठवणार आहे याची तारीख वहीत लिहून ठेवली आणि दर वर्षी यंत्रांच्या किमतीच्या शेकडा पाच बाजूला काढण्याचा ठराव केला. ठराव मीच मांडला. का मांडला हे कोणी विचारले नाही.

आता संध्याकाळी अभ्यासिका भरलेली असते आणि बाईंना स्टुलावर चढावे लागत नाही. मी वर्तमानपत्र घेऊन त्याच जागी बसतो. सव्वासहाच्या सुमारास बाहेर मुक्कामाची एस्टी लागल्याचा आवाज आला की माझे लक्ष त्या संगणकाकडे जाते. तेथे कोणीतरी बसलेले असते, पाने पुढे सरकत असतात. त्या मुलीचे नाव त्या दिवसाच्या नोंदवहीत आहे. ते मी अजून वाचलेले नाही.